छकुलीच्या तोंडावरचं ऊन

पत्र्यावर ओणवा होऊन हणमंतने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड आतल्या बाजूला वळली होती.

“दादा, दिसलं का?” शेजारच्या सारिकाने खालून विचारलं. “त्यातनं ऊन येतं ते नेमकं छकुलीच्या तोंडावर. रविवारपर्यंत नव्हतं हो हे भोक.”

रविवारी हणमंतचा भाऊ सरपंच झाला होता. मिरवणुकीत गुलालाने माखलेल्या हणमंतने कमरेचं पिस्तूल काढून हवेत बार उडवला होता. पिस्तुलाला परवाना होता. असा बार उडवायला नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचत होती.

त्याने भोकाला डोळा लावला. बरोबर खाली झोळी होती आणि झोळीत छकुली मूठ चोखत पडली होती.

दुकानातून आणलेलं एमसील मळून त्याने भोक बुजवलं. मग तो शिडी उतरून खाली आला. सारिकाने आधी पाणी दिलं, मग फळीवरच्या डबीतून धातूचा एक चेपलेला तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला.

“मिरवणुकीच्या गोंगाटानं ही रडायला लागली, म्हणून मी उचलून घेतलं. परत ठेवायला गेले तर झोळीत हा. तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे, तुम्हाला कळेल. कशाचा असेल?”

“पंख्याचा असेल,” हणमंत खाली बघत म्हणाला.

सारिकाने वर पाहिलं. वर नुसता पत्रा होता.

“आमच्याकडं पंखा नाही, दादा,” ती म्हणाली आणि तुकडा परत घ्यायला तिने हात पुढे केला.

हणमंतची मूठ उघडेना.