मनालीचं बुकिंग

पनवेलची थंडी म्हणजे पंखा एकवर आणायचा, इतकीच. म्हणून लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर यांनी मनालीजवळच्या गावात एक छोटं हॉटेल शोधलं. "बर्फावर घसरायचं वय गेलं, शेकोटीपाशी दोघंच बसू," म्हणाले. पहिल्या रात्रीचं मेणबत्तीच्या उजेडातलं जेवणही ठरवून टाकलं.

"अहो, त्या दिवशी संकष्टी आहे," मी हळूच म्हटलं. "चंद्र दिसल्याशिवाय मी जेवणार नाही."

"तुझ्या बाप्पाला हाच दिवस मिळाला?" यांचा चेहरा उतरला. आता सगळंच रद्द करतात की काय, या धास्तीने मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. पण यांनी स्पीकर लावून हॉटेलमालकाला पुन्हा फोन केला. "भाईसाब, आपके यहाँ चाँद कितने बजे निकलता है?"



मालक खूश होऊन म्हणाला, "समझ गया साहब! नई-नई शादी है ना?"