समाधानाचा पट्टा

डिस्चार्जच्या दाराशी बसून सिस्टर कुंदा गावितांना आठवडा झाला, तरी कामातलं समाधान रंगाने दाखवणारा मनगटावरचा पट्टा पिवळाच होता. वॉर्डात असताना निरोपाच्या वेळी तो हिरवागार व्हायचा. महिनाभर ज्याचं सगळं केलं तो पेशंट घरी निघाला, की त्या दटावायच्या, "परत येऊ नका हं!" तो हसायचा. ड्युट्या लावणाऱ्या संगणकाने हे हेरलं आणि दिवसभर निरोपच देता यावेत म्हणून त्यांना इथे आणून बसवलं.

समोरून एक अनोळखी आजोबा निघाले. "परत येऊ नका हं!" सिस्टर सवयीने म्हणाल्या.

आजोबा थबकले. "का हो? मी काय बिघडवलंय तुमचं?"

पट्टा लाल झाला. निरोप कमी पडताहेत असं समजून संगणकाने वरच्या मजल्यांवरचे पेशंटही त्यांच्याच दाराकडे वळवले.