फोटोमागची पाल

बेटावरच्या पाली बोटींतून आलेल्या मांजरांनी संपवल्या, असं सुचितानं आईला फोनवर सांगितलं होतं. उरलीसुरली एखादी शोधायला ती गेली आणि बोटीसकट बेपत्ता झाली.

तीन वर्षांनी कडूबांनी लेकीच्या फोटोसाठी हार आणला.

"हार नोका घालू," तानुबाई म्हणाल्या. "येईन माही पोरगी."

"आता नाही येत वं ते."

फोटोमागं पाल चुकचुकली. पाल चुकचुकली की बोललेलं खरं ठरतं.

पण घरातल्या पाली तर तानुबाईंच्या मांजरानं कधीच संपवल्या होत्या. तेच मांजर आता अंग फुगवून फोटोकडे बघत होतं.

कडूबांनी फोटो उतरवला. मागं कोरी भिंत होती. हातातला फोटो पुन्हा चुकचुकला.

पालीचं बोलणं खरं मानून 'कृष्ण कृष्ण' म्हणत जमिनीवर बोटं वाजवायला तानुबाईंचा हात सवयीनं उठला. तो त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.