तांदळातला चिंचोका

"डोळे मिटा आणि काय लागतंय ते सांगा," म्हणत शालननं तांदळाचा डबा नवऱ्यापुढे सरकवला. त्याच्या उजव्या मनगटातल्या तुटलेल्या नसा डॉक्टरांनी शिवून दिल्या होत्या. बोटांना स्पर्श पुन्हा शिकवायचं काम मात्र घरचं होतं. तीच रोज डब्यात काहीबाही लपवायची. जखमेचं कारणही डॉक्टरांना तिनंच सांगितलं होतं, कपाट पुसताना काच फुटली. त्यानं मुकाट मान डोलावली होती.

आजवर बोटं लाकडासारखी होती. आज मात्र तांदळात काहीतरी गुळगुळीत, चपटं लागलं.

"चिंचोका!" तो लहान मुलासारखा ओरडला आणि तिला दाखवायला त्यानं हात झटकन वर उचलला.

शालननं दोन्ही कोपरांआड तोंड लपवलं. अगदी त्या दिवशीसारखं. त्या दिवशी ती वेळेवर बाजूला झाली, म्हणून त्याचा हात तिच्या गालाऐवजी कपाटाच्या काचेवर बसला होता.

"काही नाही हो, उगीच दचकले," ती सावरत म्हणाली. "बरोबर ओळखलंत."

त्यानं मान खाली घालून हात पुन्हा तांदळात खुपसला. आता बोटांना दाणा न् दाणा टोचत होता.