वीसच्या वीस

लेकीने इग्वाना घरी आणला, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या आईने ठणकावलं होतं, "या घरात एक तर ही घोरपड राहील, नाही तर मी!" साधी पाल दिसली तरी स्टुलावर चढणारी बाई ती.

आज दोन वर्षांनी जनावरांच्या डॉक्टरांनी इग्वानाची वीसच्या वीस बोटं मोजली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "कात बोटांना चिकटून बसते. लोक ती ओढून काढतात, मग एखादं तरी बोट जातंच. इथे सगळी शाबूत! कुणाची करामत?"

"आईची," लेक पटकन म्हणाली.

"करामत कसली? कोमट पाण्यात भिजवायचं आणि धीर धरायचा," आई म्हणाली. "तीस वर्षं टाके उसवतेय मी. ओढलं की कापड फाटतं."

डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली, "इकडे या, यांच्याकडून शिकून घ्या."

आईची मान ताठ झाली. इग्वानाला कडेवर घेऊन ती त्याच तोऱ्यात बाहेर पडली आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळत बाकावर चढली.

"अगं, भिंतीवर पाल! हाकल तिला आधी, माझं पोर घाबरेल!"