नाभीच्या खाली

"ताकद नका लावू, बाबा. आधी मन हातात न्या. मनाच्या मागं ची, म्हंजे आंगातली प्राणशक्ती, जाते, अन् चीच्या मागं शरीर."

दयारामांनी डोळे मिटले. उजवा हात मांडीवर पडला होता, तसाच पडून राहिला. मेहकरच्या त्या घराच्या ओट्यावर ऊन चढलं, पण बोटसुद्धा हललं नाही.

"नेलं मन," ते म्हणाले. "पन हातात कोनी वळखीचं दिसत नाई."

पायलला हसू आलं नाही. हसणं तिच्यापासून कधीच लांब गेलं होतं.

ती वुशू या चिनी युद्धकलेची खेळाडू. लग्नानंतर अकोल्याच्या एका शाळेत मुलींना वुशू शिकवायची. सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. नवरा संघपाल तिला हवापालटासाठी माहेरी सोडून गेला. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आई, अन्नपूर्णाबाई, गरम ताट आणून ठेवायच्या आणि गार ताट उचलून न्यायच्या. संघपालचा फोन आला की ती एवढंच म्हणायची, "काय बोलू? हे आंग माहं राह्यलंच नाई."

बाळ गेलं त्याच हिवाळ्यात दयारामांना अर्धांगवायूचा झटका आला. एसटीच्या डेपोत जन्मभर इंजिनं उघडलेला, संध्याकाळी बुद्धविहारात बसणारा माणूस. बुलडाण्याच्या दवाखान्यात जीभ सावरली, पाय सावरला, हात मात्र लुळाच राहिला. घरी आल्यावर काठी टेकत ते लेकीच्या खाटेपाशी आले.

"तुहा तो श्वासाचा चिनी व्यायाम मले शिकव, पायल. हाताले गुण येईन."

बापाला नाही कसं म्हणायचं? तिनं पडल्या पडल्याच सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, "मले दिसत नाई." ती उठून बसली. "उभ्यानं कसं करतेत?" ती उभी राहिली. "विसरलो बाई, एकदा अजून दाखव." एकदा उघडलेलं इंजिन दयाराम कधी विसरले नव्हते, व्यायाम मात्र रोज विसरायचे. पायल रोज नव्यानं दाखवायची. दाखवताना घाम यायचा, घाम आला की भूक लागायची. एका दुपारी अन्नपूर्णाबाईंनी उचललेलं ताट रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक भाकर जास्त थापली.

ओट्यावर बापलेकीचं भांडणही व्हायचं.

"आमचे वुशूचे नौशाद सर सांगत, चीनमधले ताओ पंथ मानणारे म्हणतेत की मनानं चीले वाट दाखवा लागते. जिथं ची पोचली, तिथं जीव आला."

"अन् बुद्ध भगवंत म्हणतेत, कोनाले वाट दाखवू नको. श्वास येऊन राह्यला त येऊन राह्यला. जाऊन राह्यला त जाऊन राह्यला. नुसतं पाह्य."

"नुसतं पाहून हात हालते का?"

"तुह्या ओढण्यानं तरी कुठं हालला?"

दोघं पुन्हा श्वास घ्यायला लागत.

एका सकाळी दयारामांनी विचारलं, "ही ची राह्यते कुठं? तिचं घर असंन ना?"

व्यायामाची सुरुवातच तिथून होते, दोन्ही तळवे नाभीच्या खाली ठेवून. ती सुरुवात तिनं बाबांना कधी शिकवलीच नव्हती. थेट खांद्यापासून शिकवलं होतं.

"नाभीच्या खाली," ती शेवटी म्हणाली आणि त्यांच्या पोटाकडे हात नेला.

"माह्या आंगावर नाई. तुह्या आंगावर दाखव. मंग समजते मले."

बाळ गेल्यापासून पायलनं तिथं हात ठेवला नव्हता. आंघोळीच्या वेळीसुद्धा ती नुसतंच पाणी ओतायची. तिनं तळवे उचलले. मध्येच थांबली. मग डोळे मिटून ते ओटीपोटावर ठेवले. श्वास आत गेला, तसे तळवे वर आले. बाहेर गेला, तसे खाली गेले. ती कोणाला वाट दाखवत नव्हती, काही ओढतही नव्हती. तिथं ऊब होती. इतके दिवस तिला वाटलं होतं, तिथं आता राखच असेल.

ती ओट्यावर बसून रडली. मोठ्यानं, पोटातून. दयाराम डोळे मिटून श्वास घेत राहिले. रडणं ओसरल्यावर तिनं तोंड धुतलं, संघपालला फोन लावला आणि पहिल्यांदा तीच बोलत राहिली.

उन्हाळ्यात ती बाबांना तपासणीला बुलडाण्याला घेऊन गेली. "खांदा हलतो आता, डॉक्टर," तिनं मोठ्या उत्साहानं सांगितलं. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली.

"खांदा आखडू दिला नाही, हे फार चांगलं केलंत. पण हात पहिल्यासारखा होणार नाही, ताई. घरी सोडलं त्या दिवशीच मी बाबांना तसं स्पष्ट सांगितलं होतं."

बाहेर लिंबाखालच्या बाकावर तिनं बाबांना बसवलं. स्वतः उभीच राहिली.

"तुमाले पयलेपासून माहीत होतं?"

"हाव."

"मंग रोज सकाळी काऊन बसत होते माह्यापुढं? किती आस लावून शिकवत होती मी!"

तिचा आवाज चढला होता. बाकांवरची माणसं वळून पाहू लागली. शाळेच्या मैदानावर मुलींना हाक मारायची, तोच हा आवाज. तो परत आला आहे हे तिला ठाऊक नव्हतं. दयारामांनी मात्र तो शांतपणे पुरता ऐकून घेतला.

"विहारात साऱ्या वस्तीले श्वास पाह्यनं शिकवलं म्या," ते म्हणाले. "तुले शिकवाले आलो, त तू भिताडाकडं तोंड फिरवून घ्यायची. मंग काय करू? मीच तुह्याजवळ शिकाले बसलो."