सहावं केंद्र

संध्याकाळी पाच बावन्नला सहावं एफएम केंद्र खरखरू लागलं. तंत्रज्ञ रेवती खांबेटेने निवडणूक कक्षाच्या संगणकात बसवलेल्या रेडिओ-कार्डावर सहा केंद्रांचं रेकॉर्डिंग एकाच वेळी चालत होतं. पाच ठणठणीत होती. सहा वाजता प्रचार संपणार होता. त्यानंतरही, बंदी मोडून, सहाव्या केंद्रावर एका उमेदवाराची जाहिरात लागणार, अशी पक्की खबर होती. गेल्या निवडणुकीत अशाच जाहिरातीचा पुरावा हुकला, तेव्हा ठपका तिच्यावरच आला होता.

तिने अँटेनाची तार चाचपली. ती बंद खिडकीत चिरडून तुटली होती.

“खिडकी कोणी लावली?”

“मीच,” नायब तहसीलदार मुळे ओशाळले. “सभेचा भोंगा डोकं खात होता हो. पण मॅडम, पाच तर येतायत!”

“ती गावातली आहेत, साहेब. हे लांबचं.”

तिने कार्डाकडचं उघडं टोक चिमटीत धरलं. तिच्या अंगाचीच अँटेना झाली; गाणं स्वच्छ ऐकू आलं.

“आणा, मी धरतो,” म्हणत मुळ्यांनी तार घेतली, पण धरली प्लास्टिकच्या आवरणावरून. पुन्हा खरखर.

“द्या इकडे!”

सहा सतराला तिचा हात बधिर झाला होता. गाणं संपलं. निवेदिका म्हणाली, “आता काही जाहिराती.”

पहिली साबणाची होती. तिने तार आणखी घट्ट धरली.